पडलेला ड्रोन : दुरुस्तीआधी कारण शोधा



कापडाच्या व्यापाऱ्याने ड्रोनच्या दुरुस्तीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु लग्नसराईत ड्रोनने चित्रीकरण करण्याची रीत आता आमच्या आंजर्ले, हर्णै, दापोली भागातही पडली आहे. आमच्या पुतण्याने बचतीतून असा एक ड्रोन घेतला. दोन महिन्यांत तो दोनदा पडला आणि दुसऱ्यांदा पडला तो केवळ आमच्या घाईमुळे. त्या नुकसानीतून जो धडा मिळाला, तो येथे मांडत आहोत.

पहिल्या वेळी समुद्रावर चित्रीकरण चालू असताना बॅटरी उतरली. अशा वेळी ड्रोन आपोआप घराकडे वळतो. परतीची उंची २० मीटर ठेवलेली होती आणि वाटेतील माड त्याहून उंच होते. ड्रोन झावळ्यांना अडकून रेतीत पडला. आम्ही पंखे बदलले, मोडलेली एक भुजा नवी बसवली आणि काम झाले असे समजलो. पंधरा दिवसांनी तो त्याच उंचीवर, त्याच माडांवर आदळला आणि शेजारच्या अंगणात, खेळणाऱ्या मुलांपासून चार हातांवर कोसळला. कोणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आम्ही मोडतोड दुरुस्त केली होती, कारण मात्र तसेच राहू दिले होते.

म्हणून ड्रोन पडल्यावर पुढील क्रम पाळावा.

१) बॅटरी प्रथम काढा

ड्रोन हाती येताच तो चालू आहे का हे पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. आधी बॅटरी काढून घराबाहेर, गवत, कापड व लाकूड यांपासून दूर ठेवावी आणि निदान अर्धा तास तिच्यावर नजर ठेवावी. या लिथियम बॅटऱ्या मार लागल्यावर काही वेळानेही पेट घेऊ शकतात. बॅटरी फुगली असेल, चेपली असेल किंवा तिला गोडसर वास येत असेल, तर ती पुन्हा चार्ज करू नये. ती टोचू किंवा दाबू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये. बॅटरीची किंमत मोठी वाटते, पण कपड्यांनी भरलेल्या दुकानात लागलेल्या आगीपुढे ती काहीच नाही.

२) खारे पाणी आणि रेती

ड्रोन खाडीत किंवा समुद्रात पडला, तर नुसता वाळवून चालत नाही. पाणी उडून जाते, मीठ राहते आणि तेच तांब्याला खाते. बॅटरी काढून ड्रोन स्वच्छ गोड्या पाण्याने, शक्यतो डिस्टिल्ड वॉटरने धुवावा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने सर्किट पुसून दोन-तीन दिवस वाळू द्यावे. तांदळात पुरून ठेवल्याने मीठ निघत नाही. भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

रेतीचे दुखणे वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या रेतीत लोहयुक्त कण असतात. मोटरीत चुंबक असल्याने हे कण आत जाऊन चिकटतात. प्रत्येक मोटर बोटाने हळू फिरवून पाहावी. करकर आवाज आला तर आत रेती आहे असे समजावे. चिकटपट्टीच्या टोकाने कण उचलून काढावेत. जोराची हवा मारल्यास ते अधिक आत जातात. रेती असताना तेलही घालू नये. शिलाई मशीन चालवणाऱ्या बंधूंना हे सांगायला नको : धूळ आणि तेल एकत्र आले की घासणारा लेप तयार होतो. साफ करूनही करकर राहिली तर मोटर बदलावी.

३) उजेडात तपासणी

तागा उजेडात उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही त्याला कात्री लावत नाही. ड्रोनलाही तोच नियम लावावा. भुजांवर केसाएवढी चीर आहे का, स्क्रू ढिले आहेत का, तारा सोललेल्या आहेत का, हे भिंग घेऊन पाहावे. पंख्याला बारीक खाच पडली असली तरी तो बदलावा, डिंकाने चिकटवू नये. कॅमेऱ्याचा झुला हाताने जोर लावून सरळ करू नये, कारण आतली पट्टीची तार सहज तुटते.

४) पंख्यांविना परीक्षा

सर्व पंखे काढून मगच वीज द्यावी. सुटे भाग जोडून घरी बनवलेला ड्रोन असेल, तर आधी मल्टिमीटरने धन व ऋण टोके आपसात भिडलेली नाहीत ना, हे पाहावे. तीन सेलच्या बॅटरीला गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये जोडला, तर शॉर्ट असताना बल्ब पूर्ण पेटतो आणि सर्किट वाचते.

५) लक्षणांवरून दोष

• एकच मोटर फिरत नसेल, तर सुट्या भागांच्या ड्रोनमध्ये तिच्या तारा शेजारच्या स्पीड कंट्रोलरला जोडून पाहाव्या. दोष मोटरीबरोबर गेला तर मोटर खराब, जुन्या जागीच राहिला तर कंट्रोलर खराब.

• उडताच उलटत असेल, तर पंखे किंवा मोटरी चुकीच्या जागी बसल्या आहेत. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील मोटरी एकाच दिशेने फिरतात आणि उरलेल्या दोन उलट दिशेने. मोटरीच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की तिची दिशा बदलते.

• एका जागी न थांबता गोल घिरट्या घालत असेल, तर होकायंत्र पुन्हा जुळवावे. हे काम स्लॅबच्या गच्चीवर किंवा मोटारीजवळ करू नये, कारण तेथे लोखंड असते. मोकळे मैदान बरे.

• चित्र थरथरत असेल, तर वाकलेला पंखा, वाकडा दांडा किंवा ढिला स्क्रू शोधावा.

६) नोंद वाचा

हीच पायरी आम्ही गाळली होती. चित्रीकरणाच्या बहुतेक ड्रोनच्या ॲपमध्ये उड्डाणाची नोंद राहते : बॅटरी कधी उतरली, संपर्क कधी तुटला, उंची किती होती. ती वाचली असती तर २० मीटरचा आकडा पहिल्याच दिवशी दिसला असता. आता भोवतालच्या सर्वांत उंच माडाहून बरीच अधिक उंची आम्ही ठेवतो आणि बॅटरीत भरपूर शिल्लक असतानाच ड्रोन खाली उतरवतो. पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, कमरेएवढ्या उंचीवर, दोन-तीन मिनिटे करावी. लग्नमंडपावर कधीही करू नये.

धंद्याच्या दृष्टीने

९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र मोकळे ठेवले. त्यामुळे मोडका ड्रोन टाकून देण्यापेक्षा दुरुस्त करण्याचे महत्त्व वाढले. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आमच्या तरुणांना डाग देण्याची कला येतेच. त्यांनी हे काम शिकून घ्यावे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन सर्वांत लहान वर्गात धरला आहे. त्याहून जड ड्रोन भाड्याने, म्हणजे धंद्यासाठी, उडवायचा तर चालकाचे प्रमाणपत्र लागते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

दुरुस्तीला आलेली वस्तू ही अमानत असते. ती घेतानाच गिऱ्हाइकासमोर छायाचित्र काढावे, दोष लिहून घ्यावेत आणि परत देताना काय बदलले व तो का पडला, हे दोन्ही पावतीवर लिहावे. कारण सापडले नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि माणसांवरून उडवू नका असे बजावावे. मजुरी कदाचित कमी मिळेल, पण कोणाच्या अंगणात काय कोसळेल याची धास्ती राहणार नाही.