झाड मेलं नाही, झोपलंय! कॅलेडियमने शिकवलेला धंद्याचा धडा

कॅलेडियमचा कंद कुंडीत कसा लावायचा, ते आपण व्हिडिओत पाहिलं. आता त्यातला धंदा समजून घेऊ.

औंढ्यातल्या माझ्या दुकानात पहिल्या पावसाळ्यात कॅलेडियम छान खपलं. लाल, गुलाबी, पांढरी पानं बघून लोणावळ्याला फिरायला आलेले लोक कुंड्या गाडीत घालून न्यायचे. डिसेंबरमध्ये मात्र फोन सुरू झाले, "अहो, झाड मेलं तुमचं!" दुकानातल्या उरलेल्या कुंड्यांचीही पानं गळत होती. मी घाबरून पाणी वाढवलं आणि कंद सडले. पैसे गेले, वर नाव खराब झालं. चूक माझीच होती. माल ओळखायच्या आधीच मी तो विकायला काढला होता.

माल ओळखा

कॅलेडियम मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्या अळू-सुरणाच्याच कुळातलं. सुरणाचं पान पिवळं पडून बसतं, तरी कंद जमिनीत जिवंत असतो ना? तसंच हे. थंडीत ते विश्रांती घेतं. तेव्हा:

१. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करा, सगळी वाळली की बंद करा.
२. कंद कोरड्या कोकोपीटमध्ये घरातच ठेवा. १५ अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही आणि मावळात रात्री पारा त्याहून खाली जातो.
३. उन्हाळा लागला की पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत पुन्हा लावा. भरपूर उजेड हवा, दुपारचं कडक ऊन नको.
४. मोठा कंद कापून रोपं वाढवता येतात. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा. काप एक-दोन दिवस सुकू द्या, मगच लावा.

खरा हिशोब

समजा, कंद ४० रुपये, कुंडी २०, माती-खत १५ आणि मजुरी १०. एका कुंडीचा खर्च झाला ८५. पण १० कुंड्यांतल्या २ सडल्या तर ८५० रुपये उरलेल्या ८ कुंड्यांवर पडतात. म्हणजे एक कुंडी १०६ रुपयांना पडली. ८५ धरून भाव ठरवलात, तर नफा वाटतो तेवढा नसतो.

आणि थंडीत हा माल विकायला नसतोच. तेव्हाचं भाडं कुठून येणार? म्हणून जोडीला मनी प्लांट, स्नेक प्लांट असा बारमाही माल ठेवा आणि पावसाळ्यातल्या कमाईतून थोडे पैसे बाजूला काढा.

माहितीही विका

आता मी प्रत्येक कुंडीला एक छोटं कार्ड बांधून देतो: "थंडीत पानं जातील. फेकू नका, पाणी थांबवा. उन्हाळ्यात पुन्हा फुटेल." खाली एक ओळ ठळक असते: "पान अळूसारखं दिसलं तरी खाऊ नये. लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा." पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, त्याने तोंड-घसा सुजतो. ही गोष्ट गिऱ्हाइकापासून लपवून विक्री करायची नाही.

कार्डाला खर्च फार नाही. पण तक्रारीचे फोन कमी झाले आणि तीच माणसं पुढच्या वर्षी दुसरा रंग मागायला आली.

गृहपाठ: तुमच्या मालाचा मंदीचा काळ कोणता? तो गिऱ्हाइकाला दोन ओळींत कसा सांगाल? आजच वहीत लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!