पुस्तक मिटल्यावर

आजचं वचन: १ थेस्सलनीकाकरांस १:२-३

पौल पत्र लिहितो आणि वाचणाऱ्यांबद्दल आधी देवाचे आभार मानतो. का? त्यांच्या प्रीतीचे श्रम त्याला आठवतात.

बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहून विधवांचं दुःख वाचकांपुढे ठेवलं. पुढेही ते लिहीत राहिले. १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आलं.

मी कादंबरी वाचली, “भारी आहे” म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. इथे भवानी पेठेत, आमच्या शेजारी, काका गेल्यापासून काकू एकट्याच आहेत. काल त्यांच्याकडे चहाला गेलो. तासभर त्याच बोलत होत्या.

मित्रांनो, आज कुणाचं दार वाजवाल?

प्रभू, वाचलेलं आमच्या हातापायांत उतरू दे. आमेन.