हमीची मुदत कोणत्या दिवसापासून?

आर्थिक वर्ष संपता संपता, मार्च महिन्यात, शाळेसाठी दूरचित्रवाणी संच खरेदी केला जातो. वर्गात वीजजोडणी व्हावयाची असते, म्हणून खोके तसेच कपाटात राहते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर संच लावला जातो. पुढील एप्रिलमध्ये तो बंद पडतो. जेमतेम दहा महिने वापरलेल्या या संचाची एक वर्षाची हमी संपली, असे दुकानदार सांगतो आणि बहुधा त्याचे म्हणणे बरोबर असते. मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हे खरेदीच्या वेळी कोणी पाहिलेले नसते.

पावतीचा दिनांक महत्त्वाचा

कोणत्याही विद्युत उपकरणास अनेक दिनांक चिकटलेले असतात : कारखान्यात तयार झाल्याचा, वितरकाने दुकानदारास विकल्याचा, दुकानदाराने ग्राहकास विकल्याचा आणि उपकरण बसविल्याचा. सर्वसाधारणपणे हमीची मुदत ग्राहकाच्या पावतीवरील दिनांकापासून सुरू होते. संच दुकानात सहा महिने पडून होता, एवढ्याने ग्राहकाची मुदत कमी होत नाही.

मात्र हे सिद्ध करण्याचे साधन पावती हेच होय. पावती नसल्यास अनेक उत्पादक अनुक्रमांकावरून निर्मितीचा महिना काढतात व तेथून मुदत मोजतात. अशा वेळी दुकानात गेलेले महिने ग्राहकाच्या पदरातून वजा होतात. चार पैसे वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर केलेली खरेदी म्हणूनच महागात पडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

बसविण्यास विलंब झाल्यास

वातानुकूलन यंत्र किंवा धुलाई यंत्र कंपनीचा माणूस येऊन बसवीपर्यंत वापरता येत नाही. हमीचे दिवस मात्र सरत असतात. हा अन्याय ध्यानी घेऊन केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट 2024 मध्ये अशा उपकरणांच्या उत्पादकांना, हमी खरेदीऐवजी उपकरण बसविल्याच्या दिनांकापासून मोजावी, अशी सूचना केली. ती सूचना होती, कायदा नव्हे. तेव्हा प्रत्येक हमीपत्रात कोणता दिनांक धरला आहे, हे वाचूनच पैसे द्यावेत. शीतकपाटाच्या काँप्रेसरसारख्या भागाची मुदत संपूर्ण यंत्राच्या मुदतीहून वेगळी असू शकते. तसेच हमीत एखादा भाग बदलून मिळाला, म्हणजे मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते असे नाही; बहुधा मूळ मुदतीचे उरलेले दिवसच मिळतात.

तक्रार कोठे करावी?

बिघाड दिसताच मुदतीच्या आत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक व दिनांक जपून ठेवावा. दुरुस्ती लांबली तरी तक्रार वेळेत झाली होती, हे त्यावरून दाखविता येते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर संपर्क साधता येतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत शुल्क पडत नाही.

कार्यालयांनी काय करावे?

सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्या शाळांनी व पंचायतींनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जागा व वीजजोडणी तयार झाल्यावरच माल मागवावा. उपकरण बसवून चाचणी घेतल्याच्या दिनांकापासून हमी मोजली जाईल, ही अट पुरवठा आदेशातच घालावी. जडवस्तू संग्रह नोंदवहीत किमतीच्या शेजारी हमी संपण्याचा दिनांक लिहून पावतीची प्रत सोबत ठेवावी. मुख्याध्यापक बदलले, ग्रामसेवक बदलले, तरी नोंदवहीतील तो दिनांक गावाचा हक्क राखून ठेवील.