खोकल्याची रांग कुठे लावायची?

प्रश्न : साथ आली की किती खाटा वाढवल्या, किती व्हेंटिलेटर आले, हेच बातम्यांत ऐकू येतं. पण बहुतेक माणसं ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन घरी परततात. मग साथीच्या काळात ओपीडीला जादा काही मिळतं का? नेमकं काय लागतं तिथे?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून २००९ मधला पुण्यातला ऑगस्ट आठवला. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, तोही पुण्यातल्याच चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शहर हादरलं आणि संसर्गजन्य रोगांच्या नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. साधी सर्दी झालेले, खरोखर स्वाइन फ्लू झालेले, आणि घाबरलेल्या आईबापांनी कडेवर घेऊन आणलेली धडधाकट मुलंही एकाच रांगेत. श्वासातून पसरणाऱ्या आजाराला याहून सोयीची जागा कोणती मिळणार?

त्या वेळी दोन गोष्टी कामी आल्या. महापालिकेने इतर रुग्णालयांत आणि दवाखान्यांत तपासणी केंद्रं उघडली, त्यामुळे गर्दी वाटली गेली. दुसरं म्हणजे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे अ, ब आणि क असे तीन गट ठरवून दिले. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असेल तर अ गट : चाचणी नको, घरीच राहा, एकदोन दिवसांत पुन्हा दाखवा. ताप जोराचा असेल, किंवा रुग्ण गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध, दमेकरी असेल तर ब गट : चाचणीसाठी न थांबता औषध, आणि विश्रांती घरीच. धाप, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, नखं निळसर पडणं म्हणजे क गट : ताबडतोब भरती आणि चाचणी. कागदावरच्या या तीन ओळींनी किती माणसांचा रांगेतला दिवस वाचवला असेल! माझ्या मते ओपीडीला लागणारी पहिली जादा गोष्ट हीच : केसपेपरच्या खिडकीपाशीच रुग्णाला पाहून कुठे पाठवायचं ते ठरवणारी एक जाणती सिस्टर, आणि तिच्या हाती असा स्पष्ट नियम.

दुसरी गोष्ट जागा. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली. सेऊलच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एक रुग्ण तीन दिवस निदानाविना राहिला आणि त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली. त्यांत इतर रुग्ण होते, कर्मचारी होते, आणि नुसते भेटायला आलेले नातेवाईकही होते. देशभरात १८६ रुग्ण झाले, ३८ दगावले. म्हणून तापाखोकल्याच्या रुग्णांना दार वेगळं हवं, बसायची जागा वेगळी हवी, आणि ती जमेल तितकी उघड्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनात नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या ओपीडीसाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर खेळती हवा सांगितली आहे. बंद खिडक्यांच्या खोलीत हे जमणं कठीण. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांचे रुंद व्हरांडे आणि समोरासमोरच्या खिडक्या इथे मोलाच्या ठरतात. फरशा बदलताना व्हरांडे बंदिस्त करून टाकतात, तेव्हा म्हणूनच मला वाईट वाटतं.

तिसरं, माणसं आणि वेळ. एका डॉक्टरने सकाळच्या चार तासांत शंभर रुग्ण पाहायचे म्हटले तर एकाच्या वाट्याला अडीच मिनिटंही येत नाहीत. कोविडमध्ये तर बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, सहा मिनिटं चालवून पुन्हा आकडा पाहायचा, कारण धाप न जाणवताही काहींचा प्राणवायू उतरलेला असे. यंत्र छोटं असतं, पण ते लावणारी, आकडा लिहिणारी व्यक्ती जादा लागते.

आणि जे साथीचे रुग्णच नाहीत, त्यांचं काय? त्यांचा विसर सगळ्यात आधी पडतो. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय काही एका वर्षात पाव हिश्शाने घटला नव्हता. टाळेबंदीत माणसं दवाखान्यापर्यंत पोचली नाहीत आणि कर्मचारीही कोविडच्या कामाला जुंपले गेले होते. बीपी, मधुमेहाच्या रुग्णांना दोनतीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं, आशाताईंकरवी त्या घरपोच करणं, फोनवर सल्ला देणं हीसुद्धा ओपीडीची जादा साधनंच. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली ई-संजीवनी ही सरकारी ऑनलाइन ओपीडी अशा घरबसल्या सल्ल्यासाठीच होती.

पैशाचं म्हणाल, तर जुलै २०२१ मध्ये केंद्राने २३,१२३ कोटी रुपयांची दुसरी कोविड मदत योजना मंजूर केली. तिच्यात २० हजार अतिदक्षता खाटा होत्या, मुलांचे विभाग होते, ८,८०० रुग्णवाहिका होत्या. ई-संजीवनीवरचे सल्ले दिवसाला ५० हजारांवरून ५ लाखांवर नेण्याचंही त्यात होतं, म्हणजे ओपीडी पुरती वगळली गेली नव्हती. तरी मोठा भर खाटांवरच होता. खाटा लागतात, याबद्दल वाद नाही. पण कोणाला खाट लागेल हे जिथे वेळेत ओळखायचं, त्या खिडकीवरची सिस्टर एकटीच राहिली, तर खाटेपर्यंत रुग्ण उशिराच पोचतो.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यात लोकप्रतिनिधी बसतात. साथ नसताना, आत्ताच, त्यांना एवढं जरूर विचारा : उद्या ताप-खोकल्याची गर्दी झाली तर ती रांग कुठे लावणार, आणि त्या रांगेत ऑक्सिमीटर घेऊन कोण उभं राहणार?