खाजतं कुठं, ते आधी बघ

पोरी, कुत्रं खाजवायला लागलं की आपल्या तंजावरात जो तो औषध सांगतो. कुणी कडुनिंबाचं तेल, कुणी हळद, एखादा शहाणा तर मोटारीचं जळकं ऑइल. तू इतक्यात औषधाच्या मागे लागू नकोस. चार दिवस नुसतं बघ, खाजवतं कुठं आणि कधी.

कमरेवर, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मागे दातांनी कुरतडत असेल तर पहिला संशय पिसवांवर घे. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असली की थोडे चावेही पुरतात, आणि चाटता चाटता कुत्रं त्या गिळून टाकतं, म्हणून अंगावर पिसू दिसली नाही एवढ्यावर विसंबू नकोस. बारीक दातांच्या फणीने केस विंचर, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेव. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त.

पिसवा सापडल्या तर नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही. त्यांचा मोठा संसार अंगाबाहेर असतो: अंथरुणात, तिण्णैच्या म्हणजे ओट्याच्या फटींत, परसातल्या नारळाखालच्या सावलीतल्या मातीत अंडी, अळ्या आणि कोष पडलेले असतात. कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे दबा धरून बसते. थंड मुलखात हिवाळ्यात त्यांचा जोर ओसरतो. आपल्या कावेरीकाठी तशी थंडी पडतच नाही, तेव्हा औषध बाराही महिने चालू ठेवावं लागतं. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धू. घरात मांजर असेल तर तिलाही औषध हवं, पण कुत्र्याचं नव्हे. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

पंजे चाटणं, तोंड घासणं, काखा नि पोट लाल होणं, कान पुन्हा पुन्हा बिघडणं, हे दुसरं चित्र. हवेतल्या धुळीची, परागांची, बुरशीची ॲलर्जी बहुधा अशी दिसते आणि सहसा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. राजापालयमसारख्या पांढऱ्या कुत्र्याचे पंजे लाळेने तांबूस झाले की लांबूनच कळतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाजेच्या दिवसांपुढे खूण करत जा. ऐप्पसी-कार्तिकै महिन्यांच्या पावसात भिंती ओल धरतात तेव्हा खाज वाढते, की सांबा भाताच्या कापणीनंतर पेंढ्याची धूळ उडते तेव्हा? वर्षभर सारखीच असेल तर घरातल्या धुळीतले सूक्ष्म माइट किंवा खाणं, दोन्ही डोक्यात ठेव. फक्त पोट आणि तळपायच लाल होत असतील तर फरशी कशाने पुसतेस ते बघ. फिनाइल जरा जास्त पडलं तरी पुरतं. फिरून आल्यावर साध्या पाण्याने पाय धू आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. आपल्या दमट हवेत हा अर्धा उपचार आहे.

खाण्याचं म्हणशील तर आपल्या घरांत कुत्र्याला दहीभात नि दूध घालायची जुनी खोड. अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा प्रथिनांची असते आणि कुत्र्यांत गोमांस, दूध, कोंबडी, गहू यांची नावं पुढे येतात. रक्त किंवा लाळ तपासून ती खात्रीने कळत नाही, पैसे घालवू नकोस. डॉक्टरांना विचारून एकच न खाल्लेलं प्रथिन निवड, समज एखादा मासा, सोबत रताळं, आणि आठ आठवडे तेवढंच दे. बिस्कीट नाही, पाहुण्याने टाकलेला वड्याचा तुकडा नाही. खाज थांबली तर जुनं अन्न पुन्हा देऊन बघ. दोनेक आठवड्यांत परतली तर चोर सापडला. सांबार मात्र कधीच नको. त्यातला कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो.

कानाच्या कडा नि कोपर खाजवून केस जात असतील आणि तुमच्याही हातांना खाज सुटली तर ती खरूज समज. तिला ॲलर्जीचं औषध देऊन उपयोग नाही. आंबूस वास आणि तेलकट कातडी म्हणजे वर यीस्ट बसलंय. ते आधी काढावं लागतं. डॉक्टरांनी दिलेला शॅम्पू दहा मिनिटं अंगावर राहू दे, मग धू. माणसांचा शॅम्पू, डेटॉल, रॉकेल, जळकं ऑइल यांना हात लावू नकोस. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं. आपली सर्दीची गोळीही देऊ नकोस. सेटिरिझिनसोबत काहींत नाक मोकळं करणारं औषध असतं, ते कुत्र्याला मारू शकतं.

आपल्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधं करवली, सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र नि अश्वशास्त्राच्या पोथ्या आहेत. अभिमान बाळग, पण कुत्र्याला घेऊन पट्टुकोट्टैच्या रस्त्याने ओरत्तनाडला जा. राजांनी आपल्या प्रेयसी मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधलं त्याच गावात आता सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कॅलेंडर आणि खाजेचे फोटो सोबत ने.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं तर आराम लगेच पडेल, पण तहान-भूक वाढेल. ते आपल्या मनाने लांबवू नकोस आणि एकदम तोडूही नकोस. हवेची ॲलर्जी कायमची जात नाही, आटोक्यात राहते. चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर मात्र कॅलेंडर-बिलेंडर बाजूला ठेव आणि रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात तडक पळ.