थंड इंजिन, चोक आणि स्पार्क प्लग : पॉवर वीडर सुरू न होण्याचे निदान

हिमाचल प्रदेशातील फळबागा असोत किंवा निफाड परिसरातील द्राक्षबागा, थंडीच्या दिवसांत सकाळी पॉवर वीडर सुरू होत नाही ही तक्रार सर्वत्र आढळते. दोरी वारंवार ओढूनही यश न आल्यास कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवले जातात. त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो आणि इंजिनची जुळणीही बिघडते. आंतरमशागतीचे मोजके दिवस मग दुरुस्तीत जातात. हे टाळण्यासाठी स्क्रूला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून पाहणे हितावह ठरते.

चोकचे कार्य

पेट्रोल बाष्परूपात हवेत मिसळल्यावरच नीट जळते. पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलच्या १ भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात बाष्पीभवन कमी होत असल्याने अधिक पेट्रोल पुरवावे लागते. चोकची झडप मिटल्यावर हवेचा मार्ग अरुंद होतो आणि पेट्रोल अधिक प्रमाणात ओढले जाते. इंजिन तापू लागताच चोक टप्प्याटप्प्याने पूर्ण उघडावा. तो मिटलेलाच राहिल्यास प्लगवर काजळी धरते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुतला जातो व इंजिन ऑइल पातळ होते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाबाबत अधिक दक्षता आवश्यक आहे. इथेनॉलच्या बाष्पीभवनास पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, शिवाय ते हवेतील ओलावा शोषते. दीर्घकाळ साठवलेल्या इंधनात पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसू शकतात.

तपासणीचा क्रम

१. यंत्र सपाट जागी ठेवून स्विच, इंधन कॉक व ऑइलची पातळी तपासावी. काही इंजिनांत ऑइल कमी असल्यास संवेदक ठिणगीच बंद करतो.

२. एअर फिल्टर काढून चोकचा लिव्हर हलवावा. झडप पूर्ण मिटते व पूर्ण उघडते याची खात्री करावी. केबल सैल असल्यास लिव्हर हलतो, पण झडप जागची हलत नाही.

३. चोक लावून दोरी चार-पाच वेळा ओढावी. इंजिन सुरू न झाल्यास प्लग काढून पाहावा.

प्लग ओला असल्यास सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. प्लग पुसून वाळवावा व त्यातील अंतर तपासावे. अनेक चार-स्ट्रोक इंजिनांत ते ०.७ ते ०.८ मि.मी. असते, तथापि माहितीपुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. दहा-पंधरा मिनिटांनी प्लग बसवून, चोक पूर्ण उघडा व थ्रॉटल पूर्ण वाढवून दोरी ओढावी. इंजिन सुरू होताच थ्रॉटल कमी करावे. प्लग पुन्हा ओला आढळल्यास तुंबलेला एअर फिल्टर, कमकुवत ठिणगी किंवा गळणारी फ्लोट-सुई यांचा शोध घ्यावा.

प्लग कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही. टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र व इंधन गाळणी तपासावी. त्यानंतर कार्ब्युरेटरच्या वाटीखालील निचरा स्क्रू सैल करावा. पेट्रोल न आल्यास अडथळा वाटीच्या आधी आहे. पेट्रोल आल्यास जेट तुंबल्याची शक्यता अधिक असते. जेट कार्ब्युरेटर क्लीनर व दाबाच्या हवेने साफ करावा. तार घातल्यास पितळी छिद्र मोठे होते.

इंजिन केवळ चोकवरच चालत असल्यास पायलट जेट अंशतः तुंबला आहे किंवा गॅस्केटमधून जादा हवा शिरत आहे. अर्धा चोक लावून दिवस काढणे म्हणजे दोष झाकणे होय.

सुरक्षितता व साठवण

निचरा केलेले पेट्रोल भांड्यात धरून दूर ठेवावे आणि सांडलेले पुसून काढावे. पेट्रोलजवळ ठिणगी तपासू नये. बंद खोलीत इंजिन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. हंगामानंतर टाकी रिकामी करावी व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात ओला, कोरडा व काजळी धरलेला असे तीन प्लग शेजारी ठेवून दाखवावेत. प्लग वाचता येणारा शेतकरी निम्मे निदान बांधावरच करू शकतो.