आज्ञावली यंत्राने लिहिली, तर आपण काय शिकावे?

कारेलीबागेतील आमच्या वर्गात हल्ली एक प्रश्न वारंवार येतो: “संगणकाची आज्ञावली यंत्रच लिहिते, मग ती आम्ही का शिकावी?”

शंका जुनीच आहे. पूर्वी प्रत्येक आज्ञा यंत्राच्या सांकेतिक भाषेत हाताने लिहावी लागे. १९५७ साली आय.बी.एम.मधील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फोरट्रान’ ही भाषा सिद्ध केली आणि ते कष्ट यंत्राने उचलले. तरी प्रोग्रामरांची गरज घटली नाही. काम सोपे होताच त्याचे क्षेत्र विस्तारले.

२०२१ साली ‘कोपायलट’ आले. आताही तसेच घडेल, असे मात्र आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. कारण ज्या सोप्या कामांवर नवशिक्याचा हात बसे, तीच यंत्राकडे जाऊ लागली आहेत.

परंतु पारख माणसालाच करावी लागते. समजा, यंत्राने ‘चाराने भाग जाईल ते लीप वर्ष’ असा नियम लिहिला. तो २०२४ ला लागू पडतो, १९०० ला नाही. शतकाच्या वर्षास चारशेने भाग जावा लागतो. हे ज्यास ठाऊक, त्यालाच चूक दिसेल.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली आपल्या याच नगरीत कलाभवन स्थापिले, ते येथील मुलांस यंत्रविद्या यावी म्हणून. विद्यार्थिमित्रांनो, यंत्राकडून जरूर लिहून घ्या. पण ते तपासण्याइतके ज्ञान आधी आपलेसे करा.